जमिनीपासून दीड फूट

महाराष्ट्रात एखाद्याचं वय काढायचं असेल तर जन्मतारीख विचारण्याचा उद्धटपणा करू नये. सत्यनारायणाच्या पूजेला तो कुठे बसतो ते पाहावं. सतरंजीच्या मधोमध मांडी ठोकून बसला आणि आरतीला हात न टेकता उठला, तर चाळिशीच्या आतला. लवकर येऊन भिंतीकडची जागा धरली असेल, तर चाळिशी उलटलेली. "मी इथेच बरा, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे लक्ष ठेवतो," असं म्हणत दिवाणाच्या कडेला टेकला, तर पन्नाशीचा. आणि यजमानीणबाईंनी शेजारून मागवलेली प्लॅस्टिकची खुर्ची पुढे सरकवल्यावर एकदाही "नको नको" न म्हणता त्याने ती घेतली, तर वयाचा विषयच काढू नये. "कुठला? डावा की उजवा?" एवढंच विचारावं.

माझा उजवा.

तो जिना चढताना फारसं काही बोलत नाही. उतरताना बोलतो. चढण अवघड आणि उतार सोपा हा माझा लहानपणापासूनचा समज या एका सांध्याने मोडीत काढला. त्याची दुसरी तक्रार नाट्यगृहातली. मध्यंतराचे दिवे लागले की सगळं प्रेक्षागृह बटाटेवड्याच्या दिशेने निघायचं आणि मी पुढच्या खुर्चीची पाठ धरून गुडघा सरळ व्हायची वाट पाहत उभा. रांगेतली मंडळी "सरका हो काका" म्हणायची. दोष नाटकाचा असावा असं मी धरून चाललो होतो, आणि काही नाटकांच्या बाबतीत तो होताही. पण डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "सिनेमा-नाटकाला फार वेळ गुडघा दुमडून बसलात की दुखतो का?" गुडघ्याच्या वाटीमागची कूर्चा खराब झाली की असंच होतं, आणि वैद्यकाच्या पुस्तकांत या लक्षणाला चक्क थिएटरचं नाव आहे. माझ्या नाट्यप्रेमाची इतक्या वरच्या पातळीवर दखल घेतली गेली, ती ही एकदाच.

मग एमआरआय. त्या नळकांड्यात पडल्यावर वरच्या मजल्यावर कोणी फरशा फोडतंय असा आवाज येत राहतो आणि नेमकं तेव्हाच हलायचं नसतं. हाती आलेल्या अहवालात माझ्या नावाखेरीज ओळखीचा शब्द सापडेना. त्यातही नाव चुकलं होतं. डॉक्टरांनी एका वाक्यात उलगडा केला: वाटीच्या मागच्या कूर्चेला भेगा, ग्रेड तीन. १९६१ साली आउटरब्रिज नावाच्या सर्जनने या प्रतवाऱ्या लावून दिल्या. पहिलीत कूर्चा मऊ पडते, दुसरी-तिसरीत तिला भेगा जातात, तिचे पदर सुटतात आणि चौथीत खालचं हाड उघडं पडतं. मॅट्रिकनंतर कोणी मला श्रेणी दिलेली नव्हती. पण वरच्या वर्गात जायची घाई नाही अशी ही पहिलीच शाळा.

ही कूर्चा म्हणजे लोक जिला 'गादी' म्हणतात ती. "गादी झिजली" म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर कापूस भरलेलं काहीतरी येतं. प्रत्यक्षात तो हाडाच्या टोकावरचा पांढुरका, चकचकीत, जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा थर. साऱ्या शरीरात तो सर्वांत जाड कुठे, तर गुडघ्याच्या वाटीमागे. म्हणजे निसर्गाने तिथे सढळ हाताने दिलं होतं, आम्हीच उधळलं. त्याचं बरंचसं वजन निव्वळ पाण्याचं. दोन कूर्चा एकमेकींवर घसरताना जे घर्षण होतं ते बर्फावर बर्फ घसरण्यापेक्षाही कमी. सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, जिन्यावर त्याहून जास्त. माझं वजन मी इथे लिहिणार नाही. वाचकांनी गुणाकार करू नये.

आणि या थराला ना रक्तवाहिनी, ना मज्जातंतू. तो झिजतो तेव्हा त्याला दुखत नाही. दुखतं ते त्याच्याखालच्या हाडाला आणि सांध्याच्या आवरणाला, तेही बरंच नंतर. पन्नास वर्षं मी या कूर्चेवर उड्या मारल्या, सिंहगड चढलो, बसच्या मागे धावलो, आणि ती आहे याचा मला पत्ता नव्हता. रक्त नाही म्हणजे दुरुस्तीचा माल पोचवायला रस्ताही नाही. बोट कापलं तर आठवड्यात भरतं, हाड मोडलं तर दीड-दोन महिन्यांत जुळतं, कूर्चा मात्र गेली ती गेली. विल्यम हंटर नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हेच मांडलं होतं: हिपोक्रेटिसपासून सगळे सांगत आले आहेत, की कूर्चेचं दुखणं फार त्रासाचं आणि एकदा नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही. हंटर तेव्हा पंचविशीचा होता, त्यामुळे त्याला हे इतक्या शांतपणे लिहिता आलं असावं. इकडे पुण्यात नानासाहेब पेशव्यांची कारकीर्द चालू होती आणि पर्वतीवरचं देऊळ अजून व्हायचं होतं. म्हणजे त्या १०३ पायऱ्या रोज चढून-उतरून गुडघे धरून बसणारे पुणेकर जन्माला येण्याआधीच त्यांचं निदान होऊन गेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनची गरज नाही. व्यायाम करा, वजन कमी करा." घरी याचा फार हिरमोड झाला. एवढा एमआरआय काढला, एवढी फी भरली आणि शेवटी सांगितलं काय, तर व्यायाम! तो तर ही फुकट सांगत होती, म्हणजे माझी बायको, आणि गेली कित्येक वर्षं.

मग उपाय येऊ लागले. गुडघा दुखतो हे एकदा फुटलं की लोक कोरडी सहानुभूती देत नाहीत, पाककृती देतात. भेंडी रात्रभर भिजवून तिचं पाणी पहाटे प्यायचं. बाभळीच्या शेंगा वाळवून त्यांचं चूर्ण. पारिजातकाच्या पानांचा काढा, तो मात्र इतका कडू की गुडघ्याचा विसर पडतो. डिंकाचे लाडू, आणि ते खाऊन वाढलेल्या वजनावर पुन्हा मेथीचे लाडू. यामागचं शास्त्र समजायला सोपं आहे: सांध्यातलं वंगण कमी झालं, तेव्हा जे जे म्हणून बुळबुळीत आणि चिकट ते ते पोटात घालावं. मी हसत होतो, पण दवाखान्यातल्या इंजेक्शनची माहिती काढली तेव्हा गप्प झालो. सांध्यात सोडतात त्या हायल्युरॉनिक ॲसिडची काही नामांकित इंजेक्शनं कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनवतात. हल्ली जिवाणूंकडूनही हा पदार्थ तयार करून घेतात, म्हणून शाकाहाऱ्यांची सोय झाली. तरी भेंडीच्या पाण्याला हसण्याचा आपला अधिकार थोडा कमी होतो, एवढं खरं. ग्लुकोसामाइनच्या गोळ्याही मी विचारल्या. अमेरिकेत दीड हजारावर रुग्णांवर त्यांची चाचणी झाली, २००६ साली निकाल आला. एकंदरीत पाहता नुसत्या खोट्या गोळीपेक्षा त्या फारशा सरस ठरल्या नाहीत. औषधाच्या दुकानात मात्र त्यांचे डबे अजून पुढच्याच फळीवर असतात.

या सगळ्यात ताईची जानुबस्ती मला मनापासून आवडली. ताई उडदाच्या पिठाची घट्ट कणीक मळायची, तिचा जाड वळ करून गुडघ्याभोवती गोल पाळी बांधायची, कडा ओल्या बोटाने कातडीला चिकटवायची आणि त्या हौदात कोमट तेल हळूहळू ओतायची. तेल निवलं की चमच्याने काढून पुन्हा कोमट करून घालायचं. एवढा वेळ पाय हलवायचा नाही. फोन वाजला तरी नाही, दारावर कुरिअरवाला आला तरी नाही. मध्येच पाळीला बारीक चीर जायची, तेलाचा एक ओघळ पोटरीवरून निघायचा आणि ताई उरलेल्या कणकेची टिकली घेऊन धरणाला भगदाड पडल्यासारखी धावायची. कूर्चेला यातलं किती पोचत असेल ते सोडा. मला मात्र त्या तासाभरात कोणी उठवत नव्हतं, काही आणायला सांगत नव्हतं, आणि मोठी बहीण पायाशी बसून माहेरच्या गोष्टी सांगत होती. दुखणं खरोखर कमी व्हायचं.

असं का होतं याचा एक जबरदस्त पुरावा २००२ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातून आला. गुडघे झिजलेल्या १८० जणांचे तीन गट केले. एका गटाचा सांधा दुर्बिणीतून खरवडून साफ केला, दुसऱ्याचा नुसता धुतला, आणि तिसऱ्याच्या कातडीवर फक्त चिरा दिल्या. आत काही केलंच नाही. पण सर्जनने अवजारं मागितली, पाय हलवला, पाणी ओतल्याचा आवाज केला. नाटक बिनचूक वठवलं. पुढे दोन वर्षं विचारपूस केली, तर तिन्ही गटांचं दुखणं सारखंच. मला त्या तिसऱ्या गटातल्या माजी सैनिकांचं कौतुक वाटतं. आयुष्यभर हुकूम पाळलेले लोक, बरं व्हायचा हुकूम झाला तर बरे झाले. तेव्हापासून झिजलेला गुडघा निव्वळ धुऊन काढायच्या शस्त्रक्रियेची पत उतरली. ताईने त्यात आणखी एक गट ठेवायला हवा होता असं माझं मत आहे.

गुडघ्यात दुर्बीण घालायची कल्पना जपानमध्ये कशी निघाली, ती हकिकत मात्र मला फार जवळची वाटते. १९१८ साली टोकियोमध्ये केंजी ताकागी या डॉक्टरने मूत्राशय पाहायची नळी एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून आत डोकावून पाहिलं. तिथे क्षयाने गुडघे आखडण्याचं प्रमाण मोठं होतं आणि आखडलेला गुडघा म्हणजे जपानी माणसाचं घरात जगणं बंद. जेवण जमिनीवर, पाहुणचार जमिनीवर, झोप जमिनीवर. दुखणं लवकर ओळखता आलं तर गुडघा वाकता राहील, म्हणून ही खटपट. पुढे त्यांच्याच शिष्याने, मासाकी वातानाबे यांनी, एकामागून एक दुर्बिणी बनवल्या. एकविसावी चांगली जमली आणि जगभर गेली. खुर्चीवर बसून जेवणाऱ्या देशांना गुडघ्यात डोकवायची एवढी निकड आधी कधी वाटली नसावी. चालायला गुडघा साठ-सत्तर अंश वाकला तरी भागतं. जिन्याला नव्वदच्या आसपास लागतात. उकिडवं बसायला मात्र एकशे तीसच्याही पुढे जावं लागतं. वरचे हे जे चाळीस-पन्नास अंश आहेत ना, त्यांतच आमची पंगत, कीर्तन, मंगळागौर, वाळवणं आणि जुन्या वाड्यांतलं ते मागच्या अंगणातलं प्रकरण, सगळं सामावलेलं होतं.

ते अंश गेले की माणूस जमिनीपासून दीड फूट वर राहायला जातो. तिथली हवा वेगळी. पूजेत प्रसादाची वाटी आधी तुम्हाला मिळते. कोणाचंही तान्हं मूल तुमच्या मांडीवर ठेवून जातात, कारण तुम्ही उठून जाणार नाही याची सगळ्यांना खात्री असते. खाली बसलेल्या समवयस्कांची टक्कलं प्रथमच वरून दिसतात आणि त्यांच्या गुडघ्यांबद्दलचा मत्सर बराच निवतो. सवाई गंधर्व महोत्सवाला मी वर्षानुवर्षं भारतीय बैठकीत बसलो. शाल अंथरायची, डबा उघडायचा, मागच्याच्या गुडघ्याला टेकून विलंबित ऐकायचं. आता खुर्चीचं तिकीट काढतो. ते महाग असतं आणि तिथे शेजारचा माणूस समेवर हात उडवून दाद देत नाही, कार्यक्रमपत्रिका वाचतो. गायन तेच असतं म्हणतात.

नवी कूर्चा उगवून देता येते का, हे मी अर्थातच विचारलं. येते, पण माझ्यासारख्याला नाही. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी १९९४ साली जाहीर केलेली पद्धत आहे: रुग्णाच्याच गुडघ्यातून कूर्चेचा छोटा तुकडा काढायचा, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवायच्या आणि खड्ड्यात परत भरायच्या. घरचंच विरजण. आमच्याकडच्या विरजणासारखंच हेही दूध ताजं असेल तर लागतं. खेळताना एका जागी इजा झालेल्या तरुण गुडघ्याला उपयोगी. सगळीकडून झिजत चाललेल्या गुडघ्यात त्याचा पाड लागत नाही. "तुम्ही वीस वर्षांपूर्वी यायला हवं होतं," असं डॉक्टर म्हणाले. वीस वर्षांपूर्वी माझा गुडघा दुखत नव्हता, हे मी त्यांच्या निदर्शनास आणलं.

शेवटचा उपाय म्हणजे अख्खा सांधा बदलणं, ज्याला घरोघरी 'वाट्या बदलल्या' म्हणतात. आपल्याकडे हे दिवाणखान्यात बोलायचं दुखणं झालं ते पंतप्रधानांमुळे. अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला. शस्त्रक्रिया केली न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांनी, आणि सत्तरच्या दशकात ज्या रचनेवर आजचे कृत्रिम गुडघे उभे राहिले ती घडवणाऱ्यांत हे राणावत होते. त्या दिवसांत देशभर लोक वर्तमानपत्रातली गुडघ्याची आकृती पाहून आपापला गुडघा चाचपत होते. पुढे २०१७ साली सरकारने या कृत्रिम सांध्यांच्या किमतींना लगाम घातला. नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा दीड लाखाच्या आसपास जायचा तो ५४,७२० रुपयांवर आला, कर वेगळा. आमच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्यानंतरच दोन्ही गुडघे करून घेतले आणि त्या ही किंमत भाजीच्या भावासारखी तोंडपाठ सांगतात.

माझ्या वाट्याला मात्र फिजिओथेरपी आली. ती मुलगी माझ्या धाकट्या भाचीच्या वयाची, पण 'काका' म्हणून जो दरारा ठेवते तो आमच्या हेडमास्तरांना जमला नव्हता. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली दाबून मांडीचा स्नायू आवळायचा. बघणाऱ्याला वाटतं माणूस झोपलाय. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा आणि तसाच धरायचा. बघणाऱ्याला वाटतं झोपेत काहीतरी होतंय. पुढे घोट्याला वाळूची पिशवी. सगळा भर मांडीच्या पुढच्या स्नायूवर, कारण कूर्चा परत येत नसली तरी हा स्नायू येतो आणि तो भक्कम असेल तर सांध्यावरचा ताण वाटून घेतो. पहिले काही आठवडे फरक शून्य. "कंटाळा येतोय का काका?" तिने विचारलं. हो म्हटलं. "मग बरोबर चाललंय," ती म्हणाली. पुण्यातल्या शिक्षणाची परंपरा कायम आहे हे पाहून बरं वाटलं.

विश्रांती घ्यावी असं मला वाटत होतं. तिने तेही काढून घेतलं. रक्त न पोचणाऱ्या कूर्चेचं पोट भरतं ते सांध्यातल्या द्रवावर, आणि तो आत मुरतो दाबलं-सोडलं की. म्हणजे पाऊल टाकलं तरच तिला जेवण, बसून राहिलं तर उपास. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची अडीचशे किलोमीटरची वाट सत्तरीतली माणसं दरवर्षी चालतात, मुक्कामाला कोणी सेवेकरी त्यांचे पाय चेपून देतो, आणि पहाटे ती पुन्हा निघतात. त्यांचे गुडघे दुखत नाहीत असं नाही. दिवे घाटात विचारा, सगळ्यांचे दुखतात. पण दुखतो म्हणून कोणी बसत नाही, आणि बसत नाहीत हेच पथ्याचं ठरत असावं. वजनाचा हिशेब तर आणखी सरळ: एक किलो उतरलं की पावलागणिक गुडघ्यावरचा चार किलोंचा भार कमी होतो. अमेरिकेत हे २००५ साली मोजलं गेलं. एकास चार असा भाव आजकाल कुठलीही बँक देत नाही. तेव्हापासून मी रात्रीचा भात सोडला आहे. भाताने मला अजून पूर्ण सोडलेलं नाही.

आता गुडघा बरा आहे. पूर्वीसारखा नाही, पण नांदायला लायक. जिन्याचा नियम पाठ झाला आहे: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. मालिकांतली सगळी आजोबा मंडळी ती दुखऱ्याच बाजूला धरतात, तरी त्यांना सुना बऱ्या मिळतात. समोरच्या बिऱ्हाडातले अण्णा डाव्या गुडघ्याचे, मी उजव्याचा. सकाळी दोघं एकदम दूध आणायला निघालो की मी उजवा टाकतो, ते डावा, आणि प्रत्येक पायरीवर आमचे खांदे आपटतात. शिवाय आमच्या जिन्याला कठडा एकाच बाजूला. तो ज्याच्या हाती लागेल त्याने आधी उतरायचं, दुसऱ्याने वर थांबून पेपरातले मथळे ओरडून सांगायचे असं ठरलं आहे.

सोसायटीच्या गेल्या सभेत आम्ही दोघांनी मिळून अर्ज दिला: जिन्याच्या भिंतीकडच्या बाजूलाही एक कठडा बसवावा, साधा लोखंडी पाइप चालेल. चेअरमन पहिल्या मजल्यावर राहतात आणि अजून सतरंजीच्या मधोमध बसतात. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "आता रिडेव्हलपमेंट होणारच आहे. लिफ्टवाली इमारत मिळणार. उगाच या जुन्यावर खर्च कशाला?" सभा विचारात पडली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मागच्या खुर्चीतून उठल्या, अगदी झटक्यात, आम्हा दोघांकडे एकदा पाहून.

"डॉक्टर म्हणालेत, दहातले आठ नवे गुडघे पंचवीस वर्षं टिकतात," त्या म्हणाल्या. "तुमचा बिल्डर ठरेस्तोवर माझे दुसऱ्यांदा बदलायला येतील. पाइप लावा."